समुद्राकाठची पायवाट



एखाद्या रविवारी सकाळी पालघर स्टेशनाबाहेर जाऊन उभे राहा. मुंबईची गाडी येते. माणसे उतरतात. कुणाच्या पाठीवर पिशवी, कुणाच्या कडेवर मूल. काही तरुण मुले तर सायकलीच घेऊन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "केळव्याला कसं जायचं हो?" रिक्षावाला त्यांना केळव्याला नेऊन सोडतो. तिथे ती भेळ खातात, घोडागाडीत बसतात, पाण्यात शिरतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. माहीम त्यांनी पाहिलेले नसते. शिरगाव पाहिलेले नसते. सातपाटी तर त्यांच्या गावीही नसते!

२०१३ सालच्या एप्रिलपासून लोकल गाडी डहाणूपर्यंत येऊ लागली. २०१४ च्या ऑगस्टच्या १ तारखेला ठाणे जिल्ह्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा निघाला. तेव्हापासून पाहुण्यांची ये-जा वाढली आहे. हे पाहुणे येतच राहणार. त्यांना या म्हणायला नको, आणि येऊ नका म्हटले तरी ते ऐकणार नाहीत. मग ते कसे यावेत, कुठून जावेत आणि जाताना आपल्या गावात काय ठेवून जावेत, याचा विचार आपण करायचा की दुसऱ्या कुणी? आज आम्ही एवढ्याच विषयावर बोलणार आहोत.

आधी आपल्या किनाऱ्याची उजळणी करू. आम्ही शाळामास्तर होतो, उजळणीची खोड जात नाही.

केळव्याला सुरूची झाडे आहेत, शितळादेवीचे देऊळ आहे आणि पाण्यात बांधलेला पाणकोट आहे. तिथून उत्तरेला माहीम. माहीमच्या वाड्यांत नागवेलीचे मळे. तिथली पाने टोपल्यांत भरून आगगाडीने पार उत्तर हिंदुस्थानात जातात. त्यापुढे वडराई, मग शिरगाव. शिरगावचा किल्ला अजून चांगला उभा आहे. त्यात आम्ही फांद्या फुटलेला ताड पाहिला. ताडाला कधी फांद्या फुटतात का? पण तिथे फुटल्या होत्या! मग सातपाटी. सातपाटीच्या पापलेटाचे नाव सगळीकडे आहे, आणि तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था फार जुन्या आहेत. सातपाटीनंतर खाडी आडवी येते. खाडीपलीकडे मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर, उच्छेळी, दांडी. पुढे अणुशक्तीचे वीजघर. ते १९६९ साली सुरू झाले. त्याच्याही पुढे तारापूर आणि चिंचणी. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या जानेवारीत पोर्तुगीजांकडून घेतला. वसई त्यानंतर, मे महिन्यात पडली.

एवढे सगळे एका किनाऱ्यावर आहे. आणि पाहुणा एका गावची भेळ खाऊन घरी जातो.

याचे कारण आम्हांला विचाराल तर एकच. आपली गावे एकमेकांना जोडणारी काठाकाठाची वाट मोडली आहे.

पूर्वी ही वाट होती बरं का. डांबरी सडक नव्हती, पण वाट होती. आपल्या आया-आज्या डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन तिनेच बाजाराला जात. १९४२ च्या ऑगस्टच्या १४ तारखेला गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांत सातपाटीचा माणूस होता, नांदगावचा होता, मुरब्याचा होता. पालघरच्या हुतात्मा चौकातून जाताना तुम्ही नमस्कार करता ते तेच. त्या दिवशी ही माणसे काही मोटारीत बसून आली नव्हती.

आता त्या वाटेचे काय झाले आहे? कुठे समुद्राने जमीन खाल्ली. सुरूची झाडे मुळासकट आडवी झाली आहेत, ती तुम्ही पाहिलीच आहेत. कुठे उकिरडा झाला. एके ठिकाणी तर एका विश्रामधामाच्या मालकाने थेट वाटेवर तारेचे कुंपण घातले. आम्ही शाळेच्या मुलांना दरवर्षी त्या वाटेने सहलीला नेत असू. एका वर्षी गेलो तर समोर तार! आत उभा असलेला पोऱ्या म्हणाला, "ही खाजगी जागा आहे, मागं फिरा." चाळीस मुले घेऊन आम्ही मागे फिरलो. तेव्हा भांडायला हवे होते. आम्ही भांडलो नाही. ती चूक आमची.

आणि सडकेचे म्हणाल तर ती अरुंद. रविवारी मोटारींची रांग लागते. बाकीच्या दिवशी भरधाव गाड्या. कडेला चालायला दोन हात जागा नाही. आपल्या मुली सायकलीवरून शाळेत जातात त्या याच सडकेने. मागून गाडीचा भोंगा वाजला की पोर सायकलीसकट मातीत उतरते. हे आम्ही शाळेच्या फाटकात उभे राहून वर्षानुवर्षे पाहिले आहे. एकदा एक मुलगी ढोपर फोडून आली. तिच्या बापाने दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद केली. सायकल बंद झाली आणि मागोमाग शाळाही बंद झाली.

म्हणून आम्ही म्हणतो, वाट पाहुण्यांसाठी मागू नका. आपल्या पोरीबाळींसाठी मागा. मुलगी ज्या वाटेने निर्धास्त सायकलीवर जाईल, त्याच वाटेने मुंबईचा पाहुणाही जाईल. दोन वेगळ्या वाटा करायला नकोत आणि दोनदा खर्चही नको.

आता पैशाचे बोलू. समजा, चार पाहुणे मोटारीने आले. मोटार थेट वाळूपाशी लागली. पाणी त्यांनी घरून आणले, डबा घरून आणला. कागद आणि बाटल्या तेवढ्या आपल्याकडे टाकल्या. गावाला काय मिळाले? कचरा. आता समजा, तेच चौघे चालत किंवा सायकलीने निघाले. माहीमला त्यांना तहान लागणार, ती शहाळी घेणार. उन्हाळा असेल तर शिरगावला ताडगोळे खाणार. सातपाटीला पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडणार. तिथे तांदळाची भाकरी आणि कालवण. जाताना पिशवीत सुके बोंबील. पाय दुखले तर मुक्काम. त्यांचा पैसा एका दारात पडला नाही, दहा दारांत पडला. चालणारा पाहुणा हळू जातो, म्हणून तो गावाच्या जास्त कामाचा.

इथे एक अडचण येते. ती पैशाची नव्हे, मनाची आहे.

गेल्या हिवाळ्यात सायकलवाली तीन मुले आमच्या ओळखीच्या एका मावशीच्या दारात आली. वाट चुकली होती. ऊन डोक्यावर आले होते. मावशीने पाणी दिले. मग विचारले, "जेवलात का रे पोरांनो?" नाही म्हणाली. मावशीने पडवीत पाने मांडली. भाकरी, माशाचे कालवण, भात. मुले बोटे चाटून जेवली. निघताना एकाने पाचशेची नोट काढली. मावशी रागावली. म्हणाली, "अरे, दारी आलेल्याकडून काय पैसे घ्यायचे? आम्ही काय खाणावळ उघडली आहे?"

मुले नमस्कार करून गेली. संध्याकाळी मावशीने आम्हांला हे सांगितले आणि हळूच विचारले, "गुरुजी, मी चुकले का हो? घरात तर दूधवाल्याचे पैसे थकलेत."

मंडळी, याचे उत्तर सोपे नाही. मावशी चुकली असे आम्ही म्हणणार नाही. वाट चुकलेल्याला जेवू घालणे ही आपली रीत आहे, ती मोडू नये. पण जो माणूस मुक्कामाचे आधी ठरवून येतो, दोन दिवस राहतो, त्याच्याकडून मोबदला घेण्यात लाज कसली? मावशीने पहाटे उठून मासळी आणली, चूल पेटवली, भांडी घासली. हे श्रमच आहेत. मासळी विकताना आपण घासाघीस करतो, तेव्हा लाजत नाही. मग शिजवलेल्या मासळीचे दाम घेताना का लाजावे? आम्ही मावशीला एवढेच म्हणालो, "पुढच्या वेळी दर आधी सांगा. आणि चुकून दारी आलेल्याला फुकट वाढा."

मावशीने अजून ठरवलेले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या वाळूत समुद्रातली कासवे येऊन अंडी घालतात. पूर्वी लोक ती अंडी उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेतले आणि अंडी राखायला सुरुवात केली. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला शहरांतून माणसे येऊ लागली. वेळासला मोठे हॉटेल उभे राहिले नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरातले जेवतात. ज्या घरात बाईच्या हाती कधी रोकड येत नसे, तिथे ती येऊ लागली. राज्याचीही न्याहारी-निवास अशी योजना आहे. आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देता येतात. नोंदणी करावी लागते. आता तुम्हांला लिहिता-वाचता येते, तेव्हा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. स्वतः वाचा, स्वतः भरा, आणि अंगठ्याऐवजी सही करा.

पण याच पैशावर संसार टाकू नका. पावसाळ्यात पाहुणा येत नाही आणि होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दोन्ही कमाया एकदमच थांबतात. पाहुण्याचा पैसा वरकड समजावा.

आता भरती-ओहोटीकडे येऊ. हा भाग नीट ऐका.

काठाची पक्की वाट होईल तेव्हा होईल. ओहोटीची वाळू मात्र आजही आहे. पाणी उतरले की ओली वाळू घट्ट होते. तिच्यावर पाय रुतत नाही, सायकलसुद्धा चालते. परंतु हीच वाळू सहा तासांनी पाण्याखाली जाते. पाहुण्याला हे माहीत नसते. शहरात नळाला पाणी येण्याची वेळ असते, समुद्राच्या पाण्याची वेळ त्याला कोण सांगणार? केळव्याच्या किनाऱ्यावर माणसे बुडून गेली आहेत. आईबाप सहलीला आले आणि पोरगा गमावून परत गेले, असे झाले आहे.

पाहुण्याचे कशाला, आम्ही स्वतः चुकलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही सातवीची मुले घेऊन पाणकोट पाहायला निघालो. ओहोटी होती. वाळूतून चालत कोटापर्यंत गेलो. मुलांना इतिहास सांगण्यात आम्ही असे रंगलो की घड्याळाकडे पाहिलेच नाही. एका मुलीने हाक मारली, "गुरुजी, पाणी आलं." पाहतो तो मघाच्या वाटेवर पाणी! खडकावर एक बाई कालवे काढत होती. तिने लांबून ओरडून हात केला आणि उंचवट्याच्या बाजूने आम्हांला बाहेर काढले. मोठ्या मुलांच्या मांड्या भिजल्या, लहान कमरेपर्यंत भिजली. सगळी सुखरूप आली. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. त्या बाईला अक्षर येत नव्हते, पण भरतीची वेळ येत होती. आम्हांला अक्षरे येत होती.

तिनेच आम्हांला हिशेब सांगितला. तुमच्यापैकी पुष्कळांना तो तोंडपाठ आहे. तिथीचा आकडा घ्या. त्याचा पाऊणपट करा. तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास भरती. मध्ये दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. जागेप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार वर चढते.

हा हिशेब पाटीवर का लिहू नये? प्रत्येक गावाच्या वाटेच्या तोंडाशी एक फळा लावा. रोज सकाळी शाळेतल्या मुलाने किंवा साक्षरता वर्गातल्या कुणी खडूने लिहावे. आज तिथी अमुक. भरती इतक्या वाजता. ओहोटी इतक्या वाजता. या वेळेनंतर पुढे जाऊ नये. खडू आणि फळा, एवढाच खर्च. पोहणारे दोन तरुण सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन बसले तर त्याहून बरे. त्यांना पंचायतीने मानधन द्यावे. पाहुणे आपल्याला हवेत ना, मग त्यांचा जीवही आपण सांभाळला पाहिजे.

वाट कशी असावी? सिमेंटची नको. समुद्रकाठी भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सरकारचा किनारा-नियमनाचा कायदा लागू आहे. तो पहिल्यांदा १९९१ साली आला. त्यामुळे मनात आले आणि बांधले असे तिथे चालत नाही, आणि ते बरेच आहे. तिवरे तोडून तर मुळीच वाट काढू नये. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात आणि ती मुळे मातीही धरून ठेवतात. जुनी पाणंद असेल ती मोकळी करावी. खड्डे मुरुमाने भरावेत. ओढ्यावर लहान मोरी किंवा लाकडी साकव. सावलीला झाडे. कोस-अर्ध्या कोसावर पाण्याचा माठ आणि बायामाणसांसाठी संडास. सडकेच्या कडेला पांढरी रेघ मारून सायकलीसाठी जागा राखावी. अणुशक्तीच्या आवारापाशी किनाऱ्याने जाता येत नाही. तिथे वाट बोईसरच्या अंगाने आत वळवावी आणि तशी पाटी लावावी.

आणि एक. वाट मासळी वाळवण्याच्या खळ्यातून नेऊ नये. तिथे बोंबील वाळत असतात, जाळी पसरलेली असतात. पाहुण्याला ते बघायला आवडते, पण त्याने कडेने बघावे. छायाचित्र काढायचे तर आधी बाईला विचारावे. पाहुण्यांना बरे दिसावे म्हणून खळी हलवा, असे कुणी म्हणू लागले तर त्याला पहिल्यांदा आम्ही विरोध करू.

परदेशातही असे झाले आहे. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा लहान देश आहे. त्यांनी २०१२ साली आपल्या सगळ्या किनाऱ्याने ८७० मैलांची पायवाट जोडून घेतली. तिच्यात पुष्कळशा जुन्याच वाटा होत्या. जिथे तुटल्या होत्या तिथे जोडल्या आणि खुणेच्या पाट्या लावल्या. एवढ्या लांब कशाला, आपल्या डहाणूचा पारनाका घ्या. २०२५ साली त्या किनाऱ्याला निळ्या झेंड्याचा मान मिळाला. स्वच्छ पाणी, कचऱ्याची व्यवस्था, पाहुण्यांची सुरक्षितता अशा ३३ कसोट्या लावून हा मान देतात.

इथे खरे बोलले पाहिजे. निळा झेंडा नवापूरला मिळेल का? तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नळाने तिथल्या समुद्रात जाते. मासे मेलेले आपण पाहिले आहेत. मांगेला समाजाची परिषद त्यासाठी हरित लवादाकडे गेली. पाणी सुधारत नाही तोवर तिथे पाहुण्याला पोहायला बोलावणे म्हणजे त्याला फसवणे आहे. चालायला बोलवावे, किनारा दाखवावा, आणि वास कसला येतो असे त्याने विचारले तर खरे सांगावे. शहरात परत जाऊन तो चार लोकांना सांगेल. तेही कामाचेच आहे.

वाढवणच्या बंदराचे विचाराल तर त्याची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टच्या ३० तारखेला झाली. मुरब्यालाही बंदर करण्याचे चालले आहे. घराघरांत त्यावरून दोन मते आहेत. नोकरीची आशा आहे आणि मासेमारीची धास्तीही आहे. आम्हांला धास्ती जास्त वाटते, हे लपवत नाही. पण आज एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. नकाशावर जी वाट असते, जिच्यावरून रोज माणसे जातात, ती बुजवताना कुणालाही दहा वेळा विचार करावा लागतो. जी वाट कुणी वापरत नाही, ती एका रात्रीत तारेआड जाते. आमच्या चाळीस मुलांपुढे आली ती तारच पाहा.

म्हणून ग्रामसभा भरते तेव्हा घरी बसू नका. आपल्या गावची काठाची वाट कुठून कुठे जाते, हे तिथे लिहून घ्या. तिची लांबी मोजा. कुठे अडली आहे ते लिहा. तसा ठराव करा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. ती वाचून पाहा. सांगितले एक आणि लिहिले दुसरे, असे होते कधीकधी. शेजारच्या गावाने तसाच ठराव केला की दोन तुकडे जुळले.

येत्या अष्टमीला आम्ही केळव्याहून माहीमला वाळूवाटेने चालत जाणार आहोत. पाऊणपटीचा हिशेब तुम्ही केलाच असेल. सकाळी दहाला शितळादेवीच्या देवळापाशी जमायचे. पाणी उतरत असेल. दुपारच्या आत माहीमला पोचू. डोक्याला टोपी किंवा पदर, सोबत पाण्याची बाटली, आणि एकाने डब्यात चुना व कुंचला आणावा. वाटेतल्या दगडांवर खुणा करायच्या आहेत. मोजमापाची दोरी आमच्याकडे आहे. वही-पेन्सिल मात्र प्रत्येकाने आपापली आणावी. मावशीही येते म्हणाली आहे, आणि माहीमला पोचल्यावर सगळ्यांचे जेवण तिच्याकडे आहे. दर तिने अजून सांगितलेला नाही.